कांपाल ते शिरदोण : पणजीच्या हक्काचा किनारा

टोंकवासी

हा धागा पणजीला लागून असलेल्या किनाऱ्यासाठी. कळंगुट, बागा, पाळोळे यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत, ते इथे नको. कांपाल संपलं की मिरामारला वाळू सुरू होते आणि करंजाळ्यावरून दोनापावलाच्या अलीकडच्या खडकांपर्यंत जाते. काबोचं टोक वळलं की मांडवी मागे पडते, आणि जुवारीच्या अंगाला वायंगिणी, ओडशेल, बांबोळी, शिरदोण अशा लहान लहान पुळणी लागतात. शहरातल्या माणसाला पायी किंवा स्कूटरवर रोज गाठता येईल असा हा समुद्र आहे.

पर्यटकांच्या यादीत तो खालच्या क्रमांकावर असतो. मिरामारला बस थांबते, लोक फोटो काढतात, भेळ खातात आणि पुढे दोनापावलाच्या जेटीवर जातात. पण सकाळी सहाला येऊन बघा. पेन्शनरांचा घोळका चालत असतो, धेंपे कॉलेजच्या बाजूने मुलं धावायला येतात, करंजाळ्याच्या टोकाला फुटबॉल चाललेला असतो. संध्याकाळी ऑफिस सुटलं की माणसं घरी जायच्या आधी घटकाभर कठड्यावर टेकतात. समोर आग्वादचा किल्ला, उजवीकडे मांडवीचं तोंड. भाऊसाहेब बांदोडकरांची समाधी इथेच आहे. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री १२ ऑगस्ट १९७३ रोजी गेले, त्यांना निरोप द्यायला हीच वाळू माणसांनी भरली होती असं आमच्या घरातली मोठी माणसं सांगतात.

ओहोटीच्या वेळी करंजाळ्याला ओल्या वाळूवर खाली वाकून बघा. नखाएवढे खेकडे बिळातून बाहेर येतात, वाळू तोंडात घालून त्यातलं खाणं काढून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतात. अर्ध्या तासात बिळाभोवती गोळ्यांची नक्षी तयार होते. भरती आली की पुसली जाते, पुढच्या ओहोटीला पुन्हा तयार. माझी मुलगी हे बघत तासभर बसते, मोबाइल मागत नाही.

आता मुद्दा. हा किनारा उद्यान नाही, प्रदर्शनाचं मैदान नाही आणि पार्किंगची जागा तर नाहीच. दर काही वर्षांनी कोणाला तरी वाटतं की इथे 'काहीतरी करायला हवं' : पेव्हर घालावेत, मंच उभारावा, दिव्यांची रोषणाई करावी. माझं मत ठाम आहे. सुरूच्या झाडांपासून पाण्यापर्यंत यापुढे एकही पक्की वीट नको. जे करायचं ते रस्त्याच्या पलीकडे करा, आणि पैसे असतील तर पाणी स्वच्छ करण्यावर घाला.

कोण कुठल्या भागात जातं, काय बघितलंय, काय हवंय, काय नको, सगळं लिहा.

बेतीकर

उत्तम धागा. आम्ही मांडवीच्या पलीकडून बघणारे. फेरीतून उतरून पायी मिरामारपर्यंत चालत जाणं हा आमचा शाळेपासूनचा नेम. जुन्या माणसांच्या तोंडी मिरामारला अजून गास्पार दियश म्हणतात. त्या नावाचा पोर्तुगीजांचा किल्ला तिथे होता. आग्वाद, रेईश मागूश, काबो आणि गास्पार दियश मिळून मांडवीच्या तोंडावर पहारा होता. बाकीचे तीन कुठल्या ना कुठल्या रूपात उभे आहेत, याचा मात्र दगडही दिसत नाही.

पक्क्या बांधकामाबद्दल १०० टक्के सहमत.

कोल्हापूरचे पाहुणे

नमस्कार मंडळी. आम्ही डिसेंबरात चार दिवस पणजीत असणार. मुलं सहा आणि नऊ वर्षांची, सोबत सासूबाई, त्यांचे गुडघे दुखतात. उत्तरेकडची गर्दी नको म्हणून पणजीतच राहतोय. मुलांना पाण्यात खेळायला मिरामार चांगलं की करंजाळे? आईंना वाळूत फार चालता येणार नाही. आणि शंख-शिंपले कुठे मिळतील? धाकटीचा तो एकमेव हट्ट आहे.

टोंकवासी

या, या. मुलांसाठी करंजाळे. मिरामारपेक्षा गर्दी कमी, उतार सौम्य, आणि आग्वाद व काबो या दोन टोकांमुळे उपसागरात लाट थोडी मोडूनच आत येते. डिसेंबरात पाणी बहुतेक शांत असतं. जीवरक्षकांची चौकी बघूनच बसा. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधे पोहायचं, नुसता लाल झेंडा असेल तर पाण्यात शिरायचं नाही. जीवरक्षक सकाळी साडेसातपासून संध्याकाळी सहापर्यंत असतात. सूर्य बुडताना पाणी फार सुंदर दिसतं, पण तेव्हा मुलांना बाहेर काढा.

आईंसाठी मिरामार बरं. रस्त्यालगत सुरूच्या सावलीत बाकं आहेत, सर्कलपासून चार पावलांवर. तिथे त्यांना बसवा आणि तुम्ही मुलांना घेऊन किनाऱ्याने करंजाळ्याकडे चालत जा. मधे गोवा विज्ञान केंद्र लागतं. ऊन तापलं की मुलांना आत न्या, दोन तास सहज जातात.

दारू आणि उघड्यावर स्वयंपाक किनाऱ्यावर बंद आहे. २०१९ साली पर्यटनस्थळांचा कायदा दुरुस्त झाला, तेव्हा एकट्याला २,००० आणि घोळक्याला १०,००० रुपये दंड ठरला होता. तुम्हाला लागू नाही हे माहीत आहे, धागा वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी लिहितोय.

शिंपल्यांचं शिरदोणवाले कोणीतरी सांगतील.

खारेपाणी

मी या पट्ट्यात नियमित पोहणारा. टोंकवासी बाब, करंजाळ्याचा सल्ला बरोबर आहे, पण मिरामारबद्दल एक गोष्ट ठळक लिहायला हवी.

मिरामार म्हणजे नदीचं तोंड. ओहोटी लागली की मांडवीतलं सगळं पाणी त्या तोंडातून बाहेर पडतं. वरून पाणी संथ दिसतं, लाटाही नसतात, त्यामुळे माणूस बेफिकीर होतो. कमरेएवढ्या पाण्यातून छातीएवढ्यात गेलं की ओढ कळते. कांपालच्या बाजूला, नदीच्या जवळ ती जास्त. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. तेव्हा आपल्याकडे भरती साधारण दुपारी बाराच्या सुमारास येते आणि त्यानंतरचे दोन-चार तास पाणी जोरात उतरतं. बाहेरगावची माणसं जेवून नेमकी त्याच वेळी पाण्यात उतरतात. अष्टमीच्या आसपास भांग असते, पाणी कमी चढतं, कमी उतरतं, ओढही कमी. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. पणजीत राहणार असाल तर पहिल्या दिवशी भरतीची वेळ बघून ठेवा, पुढचे दिवस हिशेब आपोआप जमतो.

याच हिशेबाने पौर्णिमेच्या संध्याकाळी पुळण रुंद मिळते, कारण पाणी दूर गेलेलं असतं. अष्टमीच्या संध्याकाळी तेच पाणी वर आलेलं असतं आणि चालायला पट्टी उरते.

ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नका. किनाऱ्याला समांतर पोहा, ओढ सुटली की मग आत या. हात वर करा, जीवरक्षक बघत असतो. जेलीफिश डसलं तर चोळू नका, वाळू लावू नका, सरळ चौकीवर जा.

हे घाबरवायला लिहीत नाही. याच पाण्यात २०१९ साली गोव्याची पहिली आयर्नमॅन ७०.३ स्पर्धा झाली. मिरामारहून सुरुवात, १.९ किलोमीटर पोहणं, मग ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणं. त्या सकाळी कठड्यावर उभं राहून बघणाऱ्या पणजीकरांना हा समुद्र पोहण्याजोगा आहे हे बहुधा पहिल्यांदा उमगलं. मला तेव्हापासून सोबती मिळाले. वेळ आणि जागा पाळली तर शहराच्या दारात एवढं मोठं तरणतळं कोणाकडे आहे?

शेवंती-ताळगाव

सगळं छान लिहिताय, पण मी थोडं विरुद्ध बोलणार आहे. 'एकही वीट नको' म्हणायला पुरुषांना सोपं आहे. बाई म्हणून तीन तास किनाऱ्यावर काढून बघा. ओले कपडे बदलायचे कुठे? मिरामारला शौचालय आहे, करंजाळ्याच्या मधल्या भागात काय? बांबोळीला, शिरदोणला काय? माझी आई मधुमेही आहे. तिला दर तासाला जावं लागतं म्हणून ती समुद्रावर यायचंच टाळते. व्हीलचेअरवरच्या माणसाने पाण्यापर्यंत कसं जायचं? सूर्य बुडाल्यावर सुरूच्या झाडीतून एकटीने रस्त्यावर यायला मला भीती वाटते.

२०२० साली देशातल्या पहिल्या आठ किनाऱ्यांना ब्लू फ्लॅग मिळाला. गुजरात, दीव, कर्नाटक, केरळ, आंध्र, ओडिशा, अंदमान सगळे त्यात होते, गोव्याचा एकही नव्हता. त्या मानांकनात पाण्याची तपासणी, शौचालय, कपडे बदलायची जागा, अपंगांसाठी वाट हे सगळं लागतं. त्यात वाईट काय आहे? प्रत्येक सुविधेला काँक्रीट म्हणून झिडकारलं तर किनारा फक्त धडधाकट, तरुण पुरुषांचा उरतो. मला तो माझ्या आईचाही हवा आहे.

टोंकवासी

शेवंतीताई, तुमचं म्हणणं मनापासून पटतं. शौचालय आणि कपडे बदलायची खोली हवीच, आणि तीही दर अर्ध्या किलोमीटरवर. माझा आग्रह जागेचा आणि प्रकाराचा आहे. रस्त्याच्या कडेला, आधीच पक्क्या असलेल्या जमिनीवर ती होऊ शकतात. वाळूवर हवी असतील तर लाकडी, पावसाआधी उचलून नेता येतील अशी. खुर्चीसाठी वाळूवर अंथरायची जाळीची वाट मिळते, ती गुंडाळून ठेवता येते. दिवे रस्त्याच्या बाजूने, खाली तोंड केलेले. एवढं मागायला आपण दोघांनी एकाच अर्जावर सही करू.

शेवंती-ताळगाव

अर्ज मी लिहिते. मराठी आणि कोकणी दोन्हीत. दर अर्ध्या किलोमीटरवर हे शब्द मी तुमच्या प्रतिसादातून उचलणार आहे.

रापणकाराची लेक

इतका वेळ नुसतं वाचत होते. माझे वडील आणि त्यांचे भाऊ करंजाळ्याला रापण ओढत. अजूनही आमच्या वाड्यातले लोक ओढतात, माणसं कमी झाली आहेत एवढंच. किनाऱ्याबद्दल इतकं बोलणं झालं आणि होड्यांचं कोणी नाव काढलं नाही म्हणून लिहिते.

रापण कशी असते ते सांगते. जाळ्याचं एक टोक किनाऱ्यावरच्या माणसांकडे ठेवून होडी आत जाते, अर्धवर्तुळ घालत जाळं सोडते आणि दुसरं टोक घेऊन थोड्या अंतरावर पुन्हा वाळूला लागते. मग दोन्हीकडे माणसं दोर धरतात. मागे मागे चालत ओढायचं, सगळ्यात मागचा दोर सोडून पुढे येऊन पुन्हा धरतो, असं चक्र चालू राहतं. जसजसं जाळं जवळ येतं तसतशा दोन्ही रांगा एकमेकांकडे सरकतात. शेवटी जाळ्याचा खोल भाग उथळ पाण्यात येतो तेव्हा आत चंदेरी खळबळ दिसते. तारले, बांगडे, वेल्ली, नशीब असलं तर सुंगटं, म्हणजे कोळंबी. आणि हल्ली त्याबरोबर प्लास्टिकच्या पिशव्या, चपला, बाटल्या. आमचा अर्धा वेळ मासे वेगळे करण्यात जायचा, आता कचरा वेगळा करण्यात जातो.

या कामाला मोकळी वाळू लागते. लांबीने आणि रुंदीने. दोर ओढत मागे यायला जागा हवी, जाळं सुकवायला हवी, होडी पावसात वर घ्यायला हवी. मधेच मंच, खुर्च्या, खांब आले की रापण लागत नाही. त्यासाठी कायद्याने बंदी घालावी लागत नाही, जागा संपली की काम आपोआप बंद पडतं.

सत्तरच्या दशकात ट्रॉलर किनाऱ्याजवळ येऊन मासे नेऊ लागले तेव्हा रापणकार रस्त्यावर उतरले होते. मथानी साल्ढाणा त्यांचे पुढारी. त्या लढ्यातून १९८० चा गोव्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा आला आणि ट्रॉलरना किनाऱ्यापासून ५ किलोमीटर दूर राहण्याचं बंधन आलं. ते किती पाळलं जातं हे आमच्या जाळ्याला कळतं. २०१७ पासून एलईडी दिव्यांनी मासे ओढण्यावर बंदी आहे, तरी काही रात्री क्षितिजावर उजेड दिसतो.

टोंकवासी बाब, तुम्ही लिहिलंत तसं पक्की वीट नको, हे आम्हालाही हवंय. पण 'सुंदर, मोकळा किनारा' म्हणताना होड्या हटवायची भाषा होते तेव्हा वाईट वाटतं. पणजीत कोणी चालायला यायच्या आधीपासून आमच्या होड्या तिथे आहेत.

टोंकवासी

बाई, तुम्ही लिहिलंत हे या धाग्याचं भाग्य. अर्जात पहिला मुद्दा हाच राहील : रापणीला लागणारी वाळू आणि होड्यांची जागा नकाशावर आखून राखून ठेवावी.

वाळूचा विद्यार्थी

समुद्रविज्ञान शिकतोय, दोनापावलात राहतो. वाळूबद्दल थोडं सांगतो, कारण 'एवढी वाळू पडली आहे, त्यावर थोडं बांधलं तर काय होतं' असा प्रश्न मला घरातही विचारतात.

पुळण स्थिर नसते. पावसाळ्यात नैऋत्येकडून मोठ्या लाटा येतात, त्या किनाऱ्यावरची वाळू ओढून थोड्या आतल्या पाण्यात ठेवतात. सप्टेंबरात मिरामारला गेलात तर किनारा खचलेला, उभा कापलेला दिसतो. ऑक्टोबरनंतर लहान, लांब लाटा तीच वाळू हळूहळू परत आणतात आणि उन्हाळ्यापर्यंत पुळण पुन्हा भरते. या ये-जा करणाऱ्या वाळूच्या वाटेत भिंत आली की लाट भिंतीवर आपटून पायाची वाळू आणखी खणून नेते. मग भिंत वाचवायला दगड, दगड वाचवायला आणखी दगड.

मांडवीच्या तोंडाशी पावसात वाळूचा बांध तयार होतो. म्हणूनच खनिजाच्या बार्ज पावसाळ्यात आग्वादवरून न जाता कुंभारजुव्याच्या खाडीतून जुवारीत आणि तिथून मुरगावला जात. जुलै २०१७ मध्ये एक कॅसिनो जहाज आत येताना मिरामारसमोर याच वाळूत रुतलं होतं. पणजीतले लोक छत्र्या घेऊन ते बघायला कठड्यावर उभे होते.

आता वाळूच्या टेकड्या. सुरूच्या आणि पाण्याच्या मधे जे उंचवटे दिसतात त्यांना बहुतेक लोक कचरा टाकायची जागा समजतात. त्यांवर मर्यादवेल पसरलेली असते, जांभळ्या फुलांची, पानं मधे दुभंगलेली. रावणाच्या मिशाही असतात, टोकदार पात्यांचं गवत, त्याचे गोल काटेरी तुरे सुकले की वाऱ्यावर वाळूवरून गडगडत जातात. वाऱ्याने येणारी वाळू ही झाडं पकडून ठेवतात. मोठं उधाण किंवा वादळ आलं की लाटांना द्यायला किनाऱ्याकडे हीच वाळू शिल्लक असते. एका दिवसाच्या कार्यक्रमासाठी जेसीबीने उंचवटा सपाट केला तर तो परत उभा राहायला वर्षं लागतात. किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत या टेकड्या सर्वांत कडक संरक्षणाच्या वर्गात आहेत, हे अर्जात जरूर लिहा.

सुरूबद्दल माझं मत कोणाला आवडणार नाही. ती इथली झाडं नव्हेत, लावलेली आहेत. त्यांच्या सुयांचा थर पडतो तिथे खाली वेल येत नाही. सावलीसाठी आहेत ती असू देत, पण नवीन लावायचं असेल तर समोरच्या उंचवट्यावर मर्यादवेल लावा.

बेतीकर

सुरू तोडायला कोणी सांगितलं तर मी आडवा येईन. बाकी मान्य.

वाळूचा विद्यार्थी

तोडा म्हणालोच नाही, काका. नवीन नकोत एवढंच.

काळा कोट

वकिली करतो. काबोच्या पलीकडच्या पुळणींचं कोणी लिहिलं नाही, आणि हक्काचा प्रश्न तिथे जास्त आहे. मिरामारला रस्ताच किनाऱ्याला चिकटून आहे, अडवणार कोण? वायंगिणी, बांबोळीला मात्र पाण्यापर्यंत जायची वाट हॉटेलांच्या आणि खासगी जमिनीच्या मधून जाते.

वायंगिणीच्या वाटेचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. जानेवारी २००९ मध्ये निकाल लागला. सरकारने सार्वजनिक कामासाठी म्हणून संपादित केलेली आणि हॉटेलला अटींवर दिलेली ती जमीन, आणि त्या अटींत किनाऱ्याकडे जाणारी वाट मोकळी ठेवणं होतं. न्यायालयाने लोकांच्या बाजूने कौल दिला. किनारे, नद्या, जंगलं ही सरकारकडे लोकांच्या वतीने विश्वस्त म्हणून असतात, हे तत्त्व त्या निकालात स्पष्ट मांडलं आहे. त्यानंतर राज्य सरकारने अध्यादेश काढून कायद्यातच बदल केला, तो भाग वेगळा आणि दुःखद.

माझी विनंती अशी : ओडशेल, बांबोळी, शिरदोणला ज्या पायवाटा तुम्ही लहानपणापासून वापरता त्या वापरत राहा. त्यांचे फोटो काढून ठेवा, ग्रामसभेत त्यांचा उल्लेख नोंदवून घ्या. वापरात असलेली, कागदावर असलेली वाट बुजवणं अवघड जातं.

जुना कांपाल

पाण्याचं कोणीतरी बोला. टोंकवासींनी सुरुवातीला एक वाक्य लिहिलं आणि सोडून दिलं. माझ्या मते तेच सगळ्यात महत्त्वाचं.

सांतिनेजचा नाला आमच्या घरामागून जातो. एके काळी तिथे मासे गरवायचे, आज उन्हाळ्यात खिडकी उघडवत नाही. तो कांपालला मांडवीत मिळतो, आणि भरतीच्या पाण्याबरोबर मिरामारच्या अंगाला पसरतो. टोंकेला सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प आहे, पण नळजोडणीच नसलेली घरं, दुकानं त्याला काय पाठवणार? शिवाय नदीत नांगरून असलेली जहाजं.

पोहण्याच्या पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे : १०० मिलिलीटरमागे विष्ठेतले कोलिफॉर्म जिवाणू १०० च्या आत, विरघळलेला प्राणवायू लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम, बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजायला लागणारा प्राणवायू, लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या आत. राज्याचं मंडळ नमुने घेतं. मग तो आकडा झेंड्याशेजारी फळ्यावर का लिहू नये? 'आज पाणी पोहण्याजोगं आहे' किंवा 'नाही'. लाल झेंडा लाटेसाठी लावतो, तसाच पाण्यासाठी लावा. माझ्या नातवाला दोनदा कान पिकला, दोन्ही वेळा मिरामारला डुंबल्यानंतर. कारण तेच असं मी छातीठोक म्हणणार नाही, पण विचारायचा हक्क तर आहे?

शेवंतीताई, फळा अर्जात घाला.

शेवंती-ताळगाव

घातला, काका. आकड्यांसकट.

खारेपाणी

काकांना दुजोरा. पावसानंतरचे पहिले काही दिवस मी मिरामारच्या बाजूला उतरतच नाही, करंजाळ्याच्या दोनापावलाकडच्या टोकाला जातो. मे ते ऑगस्टमध्ये डांबराचे गोळेही येतात, दूर समुद्रात जहाजांनी सोडलेल्या तेलाचे. पायाला लागले तर साबणाने जात नाहीत, खोबरेल चोळा.

कोल्हापूरचे पाहुणे

बापरे, आम्ही एक साधा प्रश्न विचारला आणि एवढं शिकायला मिळालं. मनापासून आभार. तारखा बघितल्या, आमचे दिवस पौर्णिमेच्या आसपासच येतात. म्हणजे खारेपाणी म्हणतात त्याप्रमाणे दुपारी मुलांना पाण्यात सोडायचं नाही, बरोबर? आणि दोन प्रश्न उरले. शिंपले कुठे? रापण बघायला मिळेल का, की बाहेरच्यांनी तिथे जाऊ नये?

खारेपाणी

बरोबर. सकाळी पाणी चढत असतं तेव्हा, साडेनऊ ते अकरा, करंजाळ्याला, झेंड्यांच्या मधे. दुपारी विज्ञान केंद्र.

काळा कोट

शिंपल्यांसाठी शिरदोण. पौर्णिमेच्या दिवसांत संध्याकाळी पाच-साडेपाचच्या सुमारास पाणी चांगलं उतरलेलं असतं, तेव्हा जा. जांभ्याचे खडक उघडे पडतात, मुलांच्या पायात चपला असू देत, शेवाळावर घसरतं. गावातल्या बाया तिसऱ्या आणि खुबे वेचत असतात. ते त्यांच्या जेवणाचं आणि बाजाराचं आहे, म्हणून जिवंत शिंपला उचलू नका. रिकामे हवे तेवढे मिळतील. तिथे जीवरक्षक दिसला नाही तर मुलांना पाण्यात घोट्याच्या वर जाऊ देऊ नका.

रापणकाराची लेक

या की, ताई. बाहेरच्यांनी येऊ नये असं कोणी म्हणत नाही. सकाळी लवकर या, उजाडता उजाडता. रोज रापण लागतेच असं नाही. पाण्याचा रंग आणि पक्षी बघून ठरतं, त्यामुळे एका दिवशी काही दिसलं नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा या. दोर ओढताना मुलांनी हात लावला तर आमच्या लोकांना आवडतं, फक्त दोराच्या आतल्या बाजूला उभं राहू नका. तो ताणला की पायात येतो. फोटो विचारून काढा. मासे वाळूवर आले की त्यात पाय घालू नका, लेपांसोबत कधी काटेवाले शिंगाळे असतात, त्यांचा काटा फार दुखतो.

ताजे तारले तिथेच विकत मिळतील. राहण्याच्या ठिकाणी स्वयंपाकघर असेल तर पिशवी घेऊन या, प्लास्टिकची नको.

कोल्हापूरचे पाहुणे

स्वयंपाकघर आहे, कापडी पिशवी आणतो. सासूबाई विचारताहेत, तारल्यांना तुमच्याकडे तिरफळ घालतात की नाही?

रापणकाराची लेक

घालतात, आणि आंबटाला सोलं, म्हणजे कोकम. तिरफळं ठेचून शेवटी टाकायची, उकळी फुटली की लगेच खाली उतरवायचं. आईंना सांगा, बी काढून टाका, नाहीतर कडू होतं.